साडूंचा तिसरा वर्ग

माझे साडू हे माझ्या ओळखीतले एकमेव गृहस्थ असे आहेत, की ज्यांच्यावर मी नियमाने जळतो. इतरांवर माणूस सवडीने जळतो. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आठवडाभर, ऑफिसात कुणाला बढती मिळाली की त्याचे पेढे संपेपर्यंत. साडूंवर जळायला मला निमित्त लागत नाही. सकाळी पिंपळे गुरवच्या आमच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा असावं आणि खालून एखादा माणूस उगाचच खुशीत चाललेला दिसावा, एवढंही मला पुरतं. साडू आठवतात आणि चहा कडू लागतो. बायको म्हणते साखर कमी पडली असेल. मी तिला खरं कारण सांगत नाही, कारण साडू म्हणजे तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान, आणि त्यांच्याविरुद्ध तिच्या माहेरच्या कुठल्याही माणसापुढे बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरण्यासारखं आहे.

माझ्या जळण्यामागे शास्त्रीय आधार आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. मी बी. ई. मेकॅनिकल आहे, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. आम्ही मूळचे लातूरकडचे. मी इंजिनिअर व्हायचं हे माझ्या वडिलांनी ठरवलं तेव्हा मी गोट्या खेळत होतो, आणि खेळ अर्धा टाकून जो अभ्यासाला बसलो तो थेट पदवी घेऊनच उठलो. गणपतीत आरास पाहिली नाही, चुलतभावाच्या लग्नात वरातीपुढे नाचलो नाही. पुढे चिंचवडला खोली घेतली, नोकरी धरली, शिफ्टा केल्या आणि एका कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख झालो. माझ्या दारावर पितळेची पाटी आहे आणि तीवर नावापुढे बी. ई. मेकॅनिकल असं कोरलेलं आहे. साडू पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बेल वाजवायच्या आधी ती पाटी त्यांनी सावकाश वाचली, बोट फिरवून पाहिली आणि आत येऊन खुर्चीत बसता बसता विचारलं, "पाहुणं, ते दारावर शिक्षान लिवलंय ते कुनासाठी? कुरियरवाला इचारतो का?" यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही, याचा राग मला पाहुण्यांना पोहे देताना आला, आणि त्यांच्या बशीत खोबरं कमी पडलं.

ते स्वतः एम. ए. आहेत, आणि तेही तत्त्वज्ञान घेऊन. हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल की चाकणजवळच्या एका कांदा पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला विश्वाचं कोडं पडलं असेल, तो रात्र रात्र चांदण्या बघत बसला असेल. तसलं काही नाही. बी. ए.ला असताना विशेष विषय निवडायचा होता. कॉलेजच्या आवारात प्रत्येक विषयाचं टेबल मांडलेलं होतं. अर्थशास्त्राच्या टेबलासमोर उन्हात ही रांग, राज्यशास्त्राला त्याहून मोठी. तत्त्वज्ञानाचं टेबल मात्र चिंचेच्या झाडाखाली होतं आणि तिथे एक म्हातारे प्राध्यापक एकटेच बसले होते. साडू सावलीला म्हणून तिथे जाऊन उभे राहिले. प्राध्यापकांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला. "आता सरांनी च्या पाजल्यावं उठून दुसऱ्या टेबलाला जायाचं म्हंजी बरं दिसतं का, तुमीच सांगा," असं साडू मला विचारतात. पुढे एम. ए. तरी का केलं, तर त्या वर्गात ते एकटेच उरले होते आणि ते गेले असते तर सरांच्या निवृत्तीआधीच विषय बंद पडला असता. म्हणून सरांना सोबत म्हणून त्यांनी एम. ए. केलं. परीक्षेत तिसरा वर्ग मिळाला, कारण पहिल्या प्रश्नात 'चर्चा करा' असं लिहिलेलं होतं. ते चर्चा करत बसले आणि दुसऱ्या प्रश्नाला पोचलेच नाहीत.

मी असतो तर असला तिसरा वर्ग ट्रंकेच्या तळाशी घालून वर गोधडी ठेवली असती. साडूंनी तो लग्नपत्रिकेत छापला. आमच्याकडे लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावाखाली शिक्षण लिहायची पद्धत आहे. माझ्या पत्रिकेत तर सासऱ्यांनी डिस्टिंक्शनसकट सगळं लिहवून घेतलं होतं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि इंजिनिअर जावई मिळाल्याचं त्यांना अप्रूप होतं. त्यानंतर धाकटीच्या लग्नाची पत्रिका आली. वराच्या नावाखाली 'एम. ए. तत्त्वज्ञान, तिसरा वर्ग' असं ठळक छापलेलं. छापखानेवाल्याने दोनदा फोन करून खात्री करून घेतली होती म्हणे. मी मनातून फार खूश झालो. आता सासुरवाडीला, तळेगावात हसं होणार, असं मला वाटलं. हसं झालं, पण ते सगळ्यांनी मिळून आणि प्रेमाने केलं. पत्रिका वाचणारा प्रत्येक जण हसायचा आणि म्हणायचा, माणूस सरळ दिसतोय. सासूबाई तर अजून सांगतात, की मोठीच्या वेळी पत्रिका बघून ऊर दडपला होता, धाकटीच्या वेळी हलका झाला. माझ्या डिस्टिंक्शनने कुणाचा ऊर दडपावा अशी माझी अपेक्षा नव्हती.

इतक्या शिक्षणाच्या जोरावर त्यांनी काय करावं? घरचा टेम्पो चालवायला घेतला. सकाळी कांदा भरून बाजारात टाकायचा आणि दुपारी टेम्पोच्या सावलीत झोपायचं. त्यांच्या गावाच्या शिवारात तेव्हा कंपन्यांची कुंपणं पडत होती. एका कंपनीने घेतलेल्या जागेत गावचा म्हसोबा आला. शेंदूर फासलेला धोंडा, डोक्यावर आभाळ. कंपनीचं म्हणणं, देव बाहेर हलवा, आम्ही छान संगमरवरी देऊळ बांधून देतो. गावाचं म्हणणं, म्हसोबा हलत नसतो. फाटकावर दोन्हीकडची माणसं जमली, आवाज चढले, पोलीस आले. साडूंचा टेम्पो त्या गर्दीत अडकला म्हणून ते खाली उतरले. त्यांनी कंपनीच्या साहेबाला विचारलं, "देवामुळं तुमचं अडतंय काय?" साहेब म्हणाले, बाहेरची माणसं आत येतील. मग गावकऱ्यांना विचारलं, "तुमाला कंपनीत जायाचंय का देवाकडं?" ते म्हणाले, देवाकडं. "मंग भिताड देवाच्या पाठीमागनं घ्या की," साडू म्हणाले, आणि गर्दी पांगेपर्यंत टेम्पोत जाऊन झोपले. भिंतीला तिथे वळसा घातला गेला. म्हसोबा आपल्या जागी राहिला, पण कुंपणाच्या बाहेर गेला. महिनाभरात कंपनीने साडूंना बोलावून घेतलं, गावाशी बोलायला एक माणूस हवा म्हणून. ते जे त्या फाटकातून आत गेले ते आज तिथले मनुष्यबळ विभागाचे सर्वेसर्वा आहेत. मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीच्या फाटकातून आत जायला बायोडाटा घेऊन तीन तास उभा होतो.

आता एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस म्हटल्यावर त्याने थोडं तरी तसं वागावं. साडू कोटाखाली कोल्हापुरी चपला घालतात. खिशात फुटाणे असतात. युनियनबरोबर वेतनकराराची बोलणी सुरू झाली की समोरचे पुढारी आकडे आणि घोषणा पाठ करून येतात, आणि साडू टेबलाच्या मधोमध फुटाण्याची पुडी उलगडून ठेवतात आणि गप्प बसतात. अर्धा तास कुणी बोललं नाही तरी त्यांना चालतं. शांतता सहन न होऊन कुणीतरी एक फुटाणा उचलतो, मग दुसरा उचलतो, आणि तोंडात फुटाणा असताना कुणालाही मूठ आपटून बोलता येत नाही. त्यांच्या युनियनचा पुढारी एकदा मला तळेगाव स्टेशनवर भेटला. कपाळाला हात लावून म्हणाला, "भावा, तुझ्या साडूशी भांडायचं कसं ते तरी सांग. आमी तयारी करून जातो आन् हा मानूस म्हनतो, आधी तुमच्या पोरीचा ताप उतरला का ते सांगा." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चीड असायला हवी होती. ती नव्हती, कौतुक होतं. माझ्या विभागात मी सगळं नियमाने करत असे. वेळेवर जात असे, प्रत्येक मीटिंगला टिपणं काढून नेत असे. माझ्याबद्दल स्टेशनवर कुणी कुणाशी बोलल्याचं माझ्या कानावर नाही.

त्यांच्या मुलाखती घेण्याची तऱ्हा तर औद्योगिक पट्ट्यात गाजलेली आहे. उमेदवार गुणपत्रिकांची फाइल पुढे करतो. साडू ती न उघडता तीवर चहाचा कप ठेवतात आणि विचारतात, "ह्ये शिकलात त्ये सोडून काय येतं?" यावर भल्याभल्यांची दांडी उडते. एकाने संबळ वाजवता येतो असं सांगितलं, तर टेबलावर वाजवून दाखवायला लावलं आणि बाहेर रांगेत बसलेली मुलं दाराशी गोळा झाली. तो आता स्टोअर सांभाळतो. एका एम. टेक. झालेल्या मुलाने बराच विचार करून "काहीच येत नाही" असं सांगितलं आणि त्याचे डोळे भरले. त्यालाही घेतलं. मी म्हटलं, याला कशाला? साडू म्हणाले, "खरं बोलाया येतं की त्याला." घरी येऊन मी हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. रात्रीचं जेवण झालं, बातम्या झाल्या, तरी उत्तर सापडलं नाही. थर्मोडायनॅमिक्सचा मी आयुष्यात एकच उपयोग केला आहे, फ्रीजचं दार उघडं टाकलं म्हणून बायकोला बोलण्याचा. तिने तेव्हाही ऐकलं नव्हतं.

आणि झोप. या माणसाला झोप येते ती बोलावलेल्या माणसासारखी येते. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, दाढी करताना न्हाव्याच्या खुर्चीत. एकदा त्यांच्या कंपनीचे परदेशी संचालक आले होते. कारखान्याची फेरी झाल्यावर सादरीकरण सुरू झालं, दिवे मंद झाले आणि पहिल्या रांगेतून संथ घोरणं ऐकू यायला लागलं. सगळ्यांची गाळण उडाली. दिवे लागल्यावर साडूंनी डोळे उघडले आणि संचालकांना चाकणच्या मराठीत सांगितलं, की ज्या कारखान्यात मनुष्यबळवाल्याला झोप लागते तिथं सगळं बरं चाललंय असं समजायचं. दुभाष्याने घाबरत घाबरत ते सांगितलं. संचालक हसले आणि आपल्या देशी परत गेल्यावर साडूंना फोनवर "व्हय व्हय" म्हणायला शिकले. मला रात्री दोन गोळ्या घेऊनही झोप लागत नाही. उद्या एखादा भाग मापाबाहेर गेला तर, ग्राहकाची तक्रार आली तर, या काळज्या माझ्या उशाखाली असत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत झोपेचा पेपर असता तर मला त्यात एटीकेटी लागली असती, आणि साडू विद्यापीठात पहिले आले असते.

माझं जळणं असं सुखाने चाललेलं असताना मधेच खरोखरीचं संकट आलं. आमची कंपनी डिझेल इंजिनाला लागणारे भाग करत असे. रस्त्यावर विजेच्या गाड्या दिसायला लागल्या तेव्हा मी त्यांचं कौतुक करत असे, आवाज किती कमी आहे म्हणून. मग आमच्या ऑर्डरी कमी झाल्या. ओव्हरटाइम बंद झाला, नंतर एक शिफ्ट बंद झाली, आणि पावसाळ्याच्या अखेरीला एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावून अतिशय सभ्य भाषेत घरी पाठवण्यात आलं. मी हातातली पिशवी घेऊन बाहेर आलो. पिशवीत डबा होता आणि माझा स्वतःचा मायक्रोमीटर, केसाची जाडीही मोजणारा, पहिल्या पगारातून घेतलेला. मग जे सगळे करतात ते मी केलं. बायोडाटा पाठवले. ज्या पदवीसाठी मी वरातीपुढे नाचलो नाही तिला आता कुणी विचारेना. फोनवरची मुलं वय विचारायची, ते ऐकलं की "कळवतो सर" म्हणायची. मी रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायला लागलो.

एके दिवशी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "धाकटीच्या ह्यांना एक शब्द टाकला तर?" मी म्हटलं, "मी उपाशी राहीन." ती म्हणाली, "तुम्ही राहाल, पण पोरीच्या कॉलेजचं काय?" माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिला आपल्या बापाची नोकरी गेल्याचं अजून माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. मोशीच्या पुढे ट्रकांची रांग लागलेली होती. त्या रांगेत उभा राहून मी वाक्यं जुळवत होतो. 'साडूभाऊ, तुमच्याकडे एखादी जागा' हे फार लाचार वाटत होतं. 'सहज या बाजूला आलो होतो' हे खोटं, कारण चाकणला सहज कुणी येत नाही, तिथला रस्ता तसा नाहीच.

साडूंनी मला पाहिलं आणि खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. "पाहुणं! आवं, फोन तर करायचा." त्यांनी मिसळ मागवली. कशाला आलात असं विचारलं नाही. मी तोंड उघडलं की कुणीतरी आत यायचं. एक कामगार मुलीच्या साखरपुड्याचा पेढा घेऊन आला, एक सुपरवायझर रडकुंडीला आला होता तो हसत गेला. मला वाटत होतं, ह्या माणसाकडे सगळे मागायलाच येतात, आता आपणही त्यातलेच एक. वाक्य घशाशी यायचं आणि मिसळीच्या रश्शाबरोबर खाली जायचं. शेवटी साडू म्हणाले, "चला, आमचा कारखाना तर बघा. लगीन लागल्यापास्नं तुमी आलाच न्हाई." खरंच मी कधी गेलो नव्हतो. न जाण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच.

आतमध्ये एका टेबलापाशी नव्या ट्रेनी मुलामुलींना मोजमाप शिकवणं चाललं होतं. शिकवणारा माणूस रजेवर होता आणि मुलं आपापसात शिकत होती. एका मुलीने मायक्रोमीटर असा धरला होता, जसा अडकित्ता धरतात. ती सगळ्या ताकदीने पिळत होती आणि माप दर वेळी वेगळं येत होतं. मला ते बघवेना. मी पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला. "अगं, याला दाबायचं नाही. शेवटी ही छोटी मूठ आहे ना, तिनेच फिरव. टिकटिक ऐकू आली की थांब. तो सांगतो तेवढंच ऐकायचं, त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही." मग बाकीची मुलं जवळ सरकली. हात गरम असला तर मापात काय फरक पडतो, पुसायचं कशाने, एकच माप दोघांनी का घ्यायचं, असं एकातून एक निघत गेलं. भान आलं तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि मुलं कॅन्टीनला न जाता उभी होती. साडू एका खोक्यावर बसून फुटाणे खात होते. आश्चर्य म्हणजे जागे होते. मी लाजलो. हात पुसले, घड्याळ पाहिलं आणि "येतो, जरा काम आहे" असं म्हणून निघालो. साडू फाटकापर्यंत आले, एवढंच म्हणाले, "सावकाश जावा. खड्डं लई हायेत." मी जे मागायला गेलो होतो ते न मागता घरी आलो. बायकोने चेहरा पाहिला आणि जेवायला वाढलं.

त्यानंतर नवरात्र आलं. तळेगावला सासूबाईंकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. सासरे गेले तरी त्यांनी ती मोडली नाही. देवापुढे पाट मांडतात, त्यावर सासऱ्यांचे पाने, हातोडी आणि कॅलिपर ठेवतात आणि दोन्ही जावयांनी आपापल्या कामाचं हत्यार शेजारी ठेवायचं असतं. मी दर वर्षी माझा मायक्रोमीटर मखमलीच्या डबीतून काढून ठेवत असे. साडूंकडे हत्यार नाही. पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, तुमचं काय ठेवायचं? तेव्हा साडू पाटाशेजारी, हातोडीच्या अंगाला, स्वतःच मांडी घालून बसले. "मामी, कंपनीत माझ्याकडं माझ्याबिगर काय न्हाई. करा पूजा." सासूबाईंनी हसत हसत त्यांना हळदीकुंकू लावलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि तेव्हापासून ते दर वर्षी हत्यारांच्या रांगेत बसतात. हे किती चावटपणाचं आहे असं मला दर वर्षी वाटत आलेलं आहे. दर वर्षी घरातली सगळी माणसं मायक्रोमीटर सोडून त्यांच्याकडे बघतात, हेही आहे.

यंदा मी मायक्रोमीटर नेला नाही. ज्याला काम नाही तो हत्यार कशाला पूजणार? बायको म्हणाली, घ्या तरी, आईला काय सांगायचं. मी म्हटलं, विसरलो म्हणून सांग. तळेगावला पोचलो तर पाट मांडलेला, पाने पुसून ठेवलेले आणि हातोडीशेजारी साडू मांडी घालून तयार. सासूबाई निरांजन हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागल्या. "तुमचं ते माप?" त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं, विसरलो हा शब्द सोपा आहे. तो बाहेर येईना. माझी मुलगी, मेहुणी, सगळी बघत होती. इतक्यात साडूंनी बसल्या जागेवरून पूजेसाठी नेसलेल्या माझ्या धोतराला हात घातला आणि ओढलं. "बसा खाली. हत्यार घरी राहिलं तर राहिलं. मामी, यंदा मोठं जावईबी माझ्यासारकं बसत्यात." मी बसलो, म्हणजे धोतर सुटण्यापेक्षा बसणं बरं म्हणून बसलो. एका बाजूला सासऱ्यांचा कॅलिपर, दुसऱ्या बाजूला साडू. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. लावून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हा कळलं, की त्यांना सगळं माहीत आहे आणि बायकोने ते सांगितलेलं नाही, कारण आयांना ते सांगावं लागत नाही.

आरती होईपर्यंत हत्यारांनी हलायचं नसतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून होतो आणि टाळ्या वाजत होत्या. तेवढ्यात साडू माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हणाले, "पाहुणं, मला एक मागायचं हाय. नाही म्हणू नका." मी चमकलो. "आमच्याकडं ती ट्रेनी पोरं बघितली न्हवं तुमी? त्यांना मापं शिकवाया मानूस न्हाई. व्हता त्यो रजेवरनं आलाच न्हाई, सोडून ग्येला. मला तर ते टिकटिक वाजतं का टकटक, त्येबी ठावं न्हाई. साहेब मला दर आठवड्याला खातो. तुमी आलात तर माझी नोकरी राहील." मी म्हटलं, "विचार करून सांगतो." अजूनही माझ्या तोंडून हेच यावं! साडू म्हणाले, "करा की. तुमी इंजिनिअर, इचार करूनच करनार. आमी आपली तत्त्वज्ञानवाली, आमाला ती सवय न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर देवाकडे बघत होते, टाळ्या वाजवत होते, चेहऱ्यावर नेहमीची झोप होती. त्यांची नोकरी जाण्यासारखी नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी चाकणला का गेलो होतो हे त्यांना मिसळ मागवतानाच कळलं असणार. त्या दिवशी देऊ केली असती तर ती जागा मी घेतली नसती, आणि घेतली असती तर जन्मभर त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नसतं. म्हणून हा गडी इतके दिवस थांबला आणि आज मागायला बसला, कपाळाला कुंकू लावून, हत्यारांच्या रांगेत. असं मागणं कुठल्या वर्गात शिकवतात मला माहीत नाही. मला ते डिस्टिंक्शनमध्ये मिळालेलं नाही. मला त्यांना हात जोडावेसे वाटले आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, मी नेहमीसारखा जळलो. हेही याच माणसाला जमावं!

"येतो," मी म्हणालो. आरतीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी खिशात हात घालून माझ्या मुठीत चार फुटाणे सरकवले. सासूबाई फुलांचं तबक घेऊन आल्या. पान्यावर एक, हातोडीवर एक, कॅलिपरवर एक अशी फुलं ठेवत आमच्यापर्यंत पोचल्या. माझ्या डोक्यावर झेंडू ठेवला, मग साडूंच्या डोक्यावर ठेवला. त्यांचा मोठा होता.